तबकडीच्या आतल्या कडेला

नागपुरातल्या गांधीबागेच्या घाऊक कापडबाजारात मुरलेलं गिऱ्हाईक ताक्यावरचं लेबल वाचून सौदा ठरवत नाही. ते ताका उलगडायला लावतं, कापडाचं टोक दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात धरतं, मुठीत चुरगाळून सोडतं आणि मग भावाचं बोलतं. याच बाजारामागच्या गल्लीत राहणारा, वडिलांच्या रेकॉर्डी जपून ठेवलेला माणूस लाखाच्या वरचं टर्नटेबल घ्यायला निघतो, तेव्हा मात्र कंपनीचं नाव, थाळीचं वजन आणि चार फोटो एवढ्यावर पैसे मोजतो. त्याचीही अडचण खरी आहे. या दर्जाची दोन-तीन यंत्रं शेजारी शेजारी लावून ऐकायची तर नागपूरकराला बहुधा मुंबई-पुण्याची गाडी धरावी लागते, आणि तिथल्या दालनात तास-दीड तासच मिळतो. त्या वेळात काय ऐकायचं, हे निघण्याआधी ठरलेलं असावं. हे प्रकरण त्या तयारीसाठी आहे.

दालनात काय घडतं ते आधी सांगतो. विक्रेता रेकॉर्ड लावतो, सुई बाहेरच्या कडेला टेकवतो, दोन-तीन मिनिटं वाजवतो आणि आपल्या चेहऱ्याकडे पाहतो. रेकॉर्डचा हा भाग कुठल्याही बऱ्या यंत्रावर चांगलाच वाजतो. यंत्राची खरी परीक्षा तबकडीच्या आतल्या कडेला, लेबलाजवळच्या शेवटच्या काही मिनिटांत होते, आणि तिथपर्यंत थांबायला कुणालाच वेळ नसतो.

याचं कारण साध्या भूमितीत आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. फिरण्याचा हा वेग बदलत नाही, पण सुईखालून सरकणाऱ्या चराची लांबी बदलत जाते. बाहेरच्या कडेला, केंद्रापासून सुमारे १४६ मिलिमीटरवर, सेकंदाला जवळजवळ ५१ सेंटिमीटर चर सुईखालून जातो. आत ६० मिलिमीटरवर पोचलं की तेवढ्याच वेळात जेमतेम २१ सेंटिमीटर जातो. म्हणजे तोच आवाज अडीचपट कमी जागेत कोरावा लागतो. दहा हजार हर्ट्झची एक लहर बाहेर ५१ मायक्रॉन लांबीची असते, आत ती २१ मायक्रॉनची होते. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन असते. इतक्या आखूड लहरींच्या खाचाखोचांत हे टोक नीट उतरूच शकत नाही. ते वरून घसरत जातं, आणि आपल्याला 'स' आणि 'श' फुटलेले, तबल्याच्या चाटीची धार गेलेली ऐकू येते.

आता आपल्या घरातल्या ख्यालाच्या रेकॉर्डी आठवा. एका बाजूला वीसेक मिनिटं मिळतात. सुरुवातीला विलंबित, संथ बढत. मग लय चढते आणि द्रुत बंदीश येते. गवई आपली सगळी तयारी अखेरच्या काही मिनिटांत ओततो. म्हणजे ताना सर्वांत दाट, तबला सर्वांत जलद आणि चर सर्वांत आखूड, हे तिन्ही एकाच ठिकाणी येतात. वसंतराव देशपांड्यांनी नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गळा घडवला. त्यांची झपाट्याची तान अशा शेवटच्या टप्प्यात प्रत्येक स्वर सुटा ठेवून वाजली, तर ते यंत्र पुढच्या चाचण्यांना पात्र आहे. तानेचे दाणे एकमेकांत मिसळून गेले, तर थाळी किती किलोंची आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून दालनात गेल्यावर विक्रेत्याला सांगावं की सुई शेवटच्या दोन मिनिटांवर टेकवा. तो भाग ऐकावा, मग तीच रेकॉर्ड सुरुवातीपासून ऐकावी. दोन्ही जागांच्या स्पष्टतेत थोडा फरक राहणारच. तो किती, हे मनात नोंदवायचं आणि दुसऱ्या यंत्रावर हाच क्रम पुन्हा करायचा. रेकॉर्ड स्वतःची न्यावी, पण झिजलेली नेऊ नये. जुन्या जड सुयांनी आतले चर खरवडून गेले असतील, तर उत्तम यंत्रही त्या जखमा प्रामाणिकपणे ऐकवेल आणि आपण दोष यंत्राला देऊ. प्रवासात रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, आणि मे महिन्यात स्टेशनबाहेर उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर त्या मुळीच सोडू नयेत, वाकतात.

आतल्या कडेची दुसरी अडचण आर्मची आहे. मूळ रेकॉर्ड कोरणारं यंत्र कोरणी एका सरळ रेषेत केंद्राकडे नेतं. आपला टोनआर्म मात्र एका टोकाला खिळलेला असतो, त्यामुळे सुई कमानीत फिरते. चराशी तिचा कोन अचूक जुळतो तो संपूर्ण बाजूवर फक्त दोन जागी. लॉफग्रेन यांनी १९३८मध्ये आणि बेअरवॉल्ड यांनी १९४१मध्ये या चुकीचं गणित मांडलं. त्या गणितानुसार आजच्या एलपीसाठी या दोन जागा बहुतेक वेळा केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर धरतात. बाकी सगळीकडे थोडा कोन चुकतोच. नऊ इंची आर्ममध्ये तो साधारण दोन अंशांच्या आत राहतो, बारा इंची आर्ममध्ये आणखी कमी होतो. पण लांब आर्म जड होतो आणि त्याची नळी कडक ठेवणं कठीण जातं. केवळ बारा इंची आहे म्हणून जास्त पैसे देण्याचा सल्ला मी देणार नाही.

हे गणित कागदावर कितीही बरोबर असो, सुई धरणारं कार्ट्रिज आर्मच्या टोकावरच्या हेडशेलमध्ये एक मिलिमीटर मागेपुढे बसवलं की ते बिघडतं. म्हणून ऐकण्याआधी विक्रेत्याला आपल्यासमोर प्रोट्रॅक्टर ठेवून जुळणी तपासायला सांगावं, सुईचा भार डिजिटल काट्यावर मोजायला सांगावं. हे सांगताना संकोच वाटू देऊ नये. जुळणी न तपासलेल्या महागड्या आर्मचं परीक्षण म्हणजे जुळणीचंच परीक्षण. भाराबद्दल आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे, की सुई जितकी हलकी टेकेल तितकी रेकॉर्ड जास्त टिकेल. प्रत्यक्षात कमी भाराची सुई जोरकस जागी चराच्या भिंतीवरून उसळते आणि आपटते, आणि चराचं खरं नुकसान तिथेच होतं. कार्ट्रिजच्या कंपनीनं दोन ग्रॅम सांगितले असतील, तर दोनच ठेवावेत.

टोनआर्मचा विषय निघाला की एसएमईचं नाव येतंच, आणि या नावाशी आता एक मराठी धागाही जोडला गेला आहे. अ‍ॅलिस्टर रॉबर्टसन-ऐकमन यांनी १९४६मध्ये इंग्लंडमध्ये यंत्रांच्या छोट्या प्रतिकृतींचे भाग बनवायला ही कंपनी काढली. आपल्या संगीतासाठी मनासारखा आर्म मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच बनवला आणि १९५९पासून तो विक्रीला आला. १९८६च्या त्यांच्या 'सीरिज फाइव्ह' आर्मची नळी मॅग्नेशियमच्या एकाच ओतीव तुकड्याची होती, आणि पुढे कितीतरी वर्षं इतर आर्म तिच्याशी ताडून पाहिले गेले. ही ससेक्समधली कंपनी २०१६मध्ये पुण्याचे उद्योजक अजय शिर्के यांच्या केडन्स समूहानं घेतली. २०१८मध्ये गॅरार्ड हे नावही याच छत्राखाली आलं. हे तेच गॅरार्ड, ज्याची ३०१ आणि ४०१ ही यंत्रं जुन्या रेकॉर्डप्रेमींच्या घरात आजही फिरतात. डिसेंबर २०१९मध्ये एसएमईनं जाहीर केलं, की यापुढे सुटे आर्म विकणार नाही, आपल्याच टर्नटेबलांबरोबर देणार. त्या निर्णयानं बाजारातल्या जुन्या एसएमई आर्मांचा भाव चढला. असा वापरलेला आर्म घेणाऱ्यानं बेअरिंग तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मागचं वजन सरकवून आर्म तरंगता ठेवा, अँटी-स्केटिंग शून्यावर आणा आणि हलकी फुंकर मारा. आर्म न अडखळता सरकला पाहिजे. मग हेडशेल दोन बोटांत अलगद धरून पाहा. जराही खुळखुळ जाणवली, तर बेअरिंग सैल आहे.

आर्म आणि कार्ट्रिज यांचं लग्न जमतं की नाही, हे मात्र किमतीवरून कळत नाही. सुई एका लवचीक आधारावर बसलेली असते आणि आर्मचं वजन त्या आधारावर झुलतं. या झुलण्याचा स्वतःचा एक वेग असतो. तो ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान पडावा, कारण त्याखाली वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे असतात आणि त्यावर संगीत सुरू होतं. हिशेब सोपा आहे. आर्मचं परिणामी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांच्या ग्रॅमची बेरीज करायची, तिला कार्ट्रिजच्या लवचीकतेच्या आकड्यानं गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि १५९ला त्यानं भागायचं. १२ ग्रॅमचा आर्म, ६ ग्रॅमचं कार्ट्रिज, १ ग्रॅमचे स्क्रू आणि १५ लवचीकता धरली, तर उत्तर ९.४ हर्ट्झ येतं. हे छान जमलं. डेनॉनचं डीएल-१०३ हे १९६०च्या दशकात जपानी नभोवाणीसाठी बनलेलं आणि अजूनही बनत असलेलं कार्ट्रिज मात्र ताठ आधाराचं आहे, त्याला जड आर्मच लागतो. हलक्या आर्मवर ते ऐकून कुणी नापसंत केलं, तर त्या नापसंतीत कार्ट्रिजचा दोष थोडाच असतो.

आता वेगाकडे वळू. इथे भारतीय संगीत ऐकणाऱ्याच्या हातात एक उत्तम साधन आधीपासून आहे: तंबोरा. वेगातली डुगडुग ओळखायला माणसं गाणाऱ्याचा आवाज ऐकतात, आणि तिथेच फसतात. आपला गळा मींड घेतो, आंदोलन घेतो. यंत्राची डुलकी त्यात सहज लपून जाते. तंबोऱ्याला लपायला जागा नसते. त्याचा षड्ज अखंड एका जागी असावा लागतो, आणि त्याच्या जवारीतून उठणारे वरचे स्वर वेग किंचित हलला तरी थरथरतात. रेकॉर्डच्या सुरुवातीला गायक सूर लावण्याआधी जो नुसता तंबोरा ऐकू येतो, ती काही सेकंदं डोळे मिटून ऐकावीत. संतूरही चालेल. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' आजही अनेक घरांत सापडते. संतूरचा आघात झाल्यावर स्वर विरत जातो, तेव्हा तो सरळ विरतो की लहरत, एवढंच पाहायचं.

लहरला, तर दोष रेकॉर्डचा की यंत्राचा, हे लगेच ठरवता येतं. एलपीचा एक फेरा १.८ सेकंदांचा. डुलकी बरोबर त्या ठोक्यानं येत असेल आणि आर्म डोळ्यांना डावीउजवीकडे डुलताना दिसत असेल, तर रेकॉर्डचं भोकच मध्यावर पडलेलं नाही. जुन्या रेकॉर्डींत हे फार आढळतं. भोक एक मिलिमीटर सरकलेलं असेल, तर बाजूच्या मध्याजवळ, १०० मिलिमीटरवर, स्वर वरखाली प्रत्येकी एक टक्का हलतो, म्हणजे सुमारे १७ सेंट. ६० मिलिमीटरवर हाच फरक २८ सेंटांच्या पुढे जातो. श्रुती साधारण २२ सेंटांची धरली, तर द्रुत रंगात आलेला असताना षड्ज अख्ख्या श्रुतीहून जास्त झोके घेत असतो. शेवटचा भाग खटकण्याचं हे आणखी एक कारण. नाकामिचीनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रेकॉर्डचा खरा मध्य शोधून तबकडी आपोआप सरकवणारं टर्नटेबल काढलं होतं. या दोषावर इतका खर्च करण्याची जिद्द मला फार मोलाची वाटते.

डुलकी १.८ सेकंदांच्या ठोक्यात बसत नसेल, कापरी असेल, तर मोटर, बेल्ट किंवा बेअरिंगकडे बोट दाखवावं. आणि डुलकी नसून सगळंच खालच्या पट्टीत वाजत असेल, तर यंत्र कुठल्या देशासाठी बनलं ते विचारावं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०ची. विजेच्या तालावर फिरणारी जुनी मोटर तिकडून जशीच्या तशी आली, तर ती इथे सहाव्या हिश्शानं मंद चालते आणि काळी पाचमध्ये गायलेलं गाणं पांढरी पाचमध्ये ऐकू येतं. नातेवाइकानं परदेशातून पाठवलेल्या यंत्रात हा प्रकार हमखास होतो. बहुतेक यंत्रांत पुली बदलून तो सुटतो. खात्रीसाठी स्ट्रोब चकती वापरावी. ५० हर्ट्झसाठी तिच्यावर १८० रेघा असतात, आणि वेग बरोबर असेल तर त्या स्थिर दिसतात. मात्र अनेक एलईडी दिवे पुरेसे लुकलुकत नाहीत, त्यामुळे जुना बल्ब किंवा स्ट्रोबचा खास दिवा लागतो.

दालनात सगळं मनासारखं वाजलं, तरी अर्धंच काम झालेलं असतं. टर्नटेबल घरातली कंपनंही ऐकतं. सेंट्रल अव्हेन्यूलगतच्या आणि बाजारातल्या घरांचा विचार करा. खाली गोदाम, वर राहती जागा, समोर टेम्पोत गठ्ठे चढताहेत. काही जुन्या घरांत अजून लाकडी पाटणाचे मजले आहेत. अशा मजल्यावर माणूस चालला की जमीन लवते. एडगर व्हिल्चर यांच्या १९६१च्या एआर टर्नटेबलानं स्प्रिंगवर तरंगणारी बैठक लोकप्रिय केली, आणि १९७०च्या दशकात लिन सोंडेक एलपी-१२नं तीच दिशा पुढे नेली. रस्त्याची घरघर अडवायला ही रचना फार चांगली, पण लवणाऱ्या मजल्यावर प्रत्येक पावलाला सुई उडते. तिथे भिंतीत ठोकलेली मजबूत फळी हाच उपाय. सिमेंटच्या पक्क्या स्लॅबवर जड, स्प्रिंग नसलेलं यंत्रही उत्तम चालतं. आपल्या घरी काय आहे ते पाहायला जुनं, साधं टर्नटेबलही पुरतं. मोटर बंद ठेवून सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा आणि आवाज हळूहळू नेहमीच्या पातळीपर्यंत वाढवा. स्पीकरमधून जे काही येईल ते सगळं घराचं.

ही चाचणी हिवाळ्यात करून समाधान मानू नये. नागपुरात चार महिने कूलर चालतो. तो खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असतो, आणि त्याच्या पंख्याची थरथर त्याच भिंतीतून घरात शिरते. टर्नटेबलाची फळी त्या भिंतीवर कधीच ठोकू नये. कूलरच्या दमट हवेनं रेकॉर्डवरची स्थिर वीज कमी होते हा फायदाच आहे, पण बाजारातला कापडाचा बारीक तंतू ओलसर धुळीत मिसळून सुईच्या टोकाला चिकटतो. घेण्याआधी झाकण नीट बसतं का ते पाहावं, आणि प्रत्येक बाजूनंतर सुई कोरड्या ब्रशनं मागून पुढे साफ करण्याची सवय लावून घ्यावी. ४५ अंशांच्या दुपारी कार्ट्रिजचा रबरी आधारही मऊ पडतो, म्हणून त्या दिवसांत गंभीर ऐकणं सकाळी किंवा रात्री करावं. घरी इन्व्हर्टर असेल, तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का ते बघावं. चौकोनी लहर देणाऱ्या इन्व्हर्टरवर साधी सिंक्रोनस मोटर गुणगुणते, आणि ते गुणगुणणं थेट सुईत येतं.

तुलनेबद्दल एकच आग्रह आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन टर्नटेबलं, त्यांवर दोन वेगळे आर्म, दोन वेगळी कार्ट्रिज, असं ऐकून काहीच ठरत नाही. कार्ट्रिज आणि फोनो स्टेज दोन्हीकडे सारखेच असावेत, आणि आवाजाची पातळी फोनवरच्या मापकानं का होईना, जुळवून घ्यावी. जे किंचित मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, याला तयार कानही अपवाद नाहीत. कार्ट्रिज बदलायला अर्धा तास गेला की आधीचा आवाज स्मरणात फिका पडतो. म्हणून वहीत 'उबदार', 'मोकळा' असे शब्द लिहिण्यापेक्षा तंबोरा हलला का, शेवटच्या तानेत स्वर सुटे राहिले का, 'स' फुटला का, अशी उत्तरं लिहावीत. दालनवाल्याची परवानगी असेल, तर दोन्ही यंत्रांवरून एकच तुकडा डिजिटल रेकॉर्डरवर घ्यावा आणि घरी पातळी जुळवून शांतपणे ऐकावा. मला हाच मार्ग सर्वांत विश्वासाचा वाटतो.

घरात नाट्यसंगीताच्या जुन्या जाड तबकड्या असतील, तर ७८चा वेग आहे का ते आधीच विचारावं. अनेक महागड्या यंत्रांत तो नसतो. त्या तबकड्यांचा चर रुंद असतो, त्याला साधारण ३ मिल, म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉन, त्रिज्येची वेगळी सुई लागते. एलपीची सुई त्या चराच्या तळाशी घासत जाते आणि नुसता खरखराट देते. या तबकड्यांत लाख असते, पळस आणि कुसुमच्या झाडांवर किड्यांनी केलेली लाख, आणि त्या पडल्या की फुटतात. त्यांच्यासाठी काढता येणारं हेडशेल असलेला आर्म घेतला, तर दोन सुया दोन हेडशेलमध्ये तयार ठेवता येतात.

शेवटी पावती करण्याआधी विचारायचं ते एवढंच, की नागपुरात यंत्र पोचल्यावर जुळणी कोण करून देणार. दालनातली जुळणी प्रवासात टिकत नाही. थाळी, वजन आणि बहुधा कार्ट्रिजही वेगळं करूनच खोकं भरलं जातं. दुकानदार माणूस पाठवणार असेल, तर त्याचा खर्च लेखी घ्यावा. नसेल, तर प्रोट्रॅक्टर, भाराचा काटा आणि बबल लेव्हल त्याच खोक्यात मागून घ्यावेत, आणि पॅकिंगपूर्वी कार्ट्रिज बसवण्याचं पूर्ण काम एकदा स्वतःच्या हातानं, त्याच्या देखत करून पाहावं.